साक्षीस उभी चित्रे

वॉशिंग्टन शहरात कॅपिटॉलच्या पायथ्यापासून पश्चिमेकडे जे विस्तीर्ण हिरवे मैदान पसरले आहे, त्याच्या उत्तर कडेला नॅशनल गॅलरी ऑफ आर्टची जुनी इमारत फिकट गुलाबी संगमरवरात उभी आहे. टेनेसी राज्यातील खाणींतून आणलेला हा दगड कोरड्या उन्हात पांढुरका दिसतो आणि पावसाने भिजला म्हणजे त्याची गुलाबी छटा गडद होते. मी गेलो त्या सकाळी नुकताच पाऊस पडून गेला होता, आणि एरवी काहीशी रुक्ष भासली असती अशी ती लांबच लांब, खिडक्या नसलेली भिंत ओल्या उजेडात सजीव वाटत होती. आज जेथे लोक चित्रे पाहावयास येतात तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडीचे स्टेशन होते, आणि त्याच स्टेशनात 2 जुलै 1881 रोजी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर एका इसमाने पिस्तूल झाडले. त्या जखमेने अडीच महिन्यांनी त्यांचा अंत झाला. 1908 साली स्टेशन पाडण्यात आले आणि मैदान मोकळे झाले.

ही चित्रशाळा राष्ट्राला मिळाली ती अँड्र्यू मेलन या पिट्सबर्गच्या पेढीवाल्याकडून. 1921 पासून 1932 पर्यंत सलग तीन राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत मेलन यांच्याकडे खजिन्याचे मंत्रिपद होते; आणि त्या काळाच्या अखेरीस, सोव्हिएट सरकारला परकीय चलनाची निकड भासून लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहातील चित्रे गुपचूप विक्रीस निघाली तेव्हा, त्यांतील 21 चित्रे त्यांनी विकत घेतली. 1936 च्या अखेरीस हा सगळा संग्रह आणि त्यासाठी इमारत बांधण्याचा खर्च त्यांनी राष्ट्राला देऊ केला. त्या वेळी त्याच सरकारने त्यांच्यावर प्राप्तिकराच्या बाबतीत आरोप ठेवलेले होते आणि त्या प्रकरणाची सुनावणी पुरी व्हावयाची होती. तरीही देणाऱ्याने देणगी मागे घेतली नाही आणि घेणाऱ्याने ती नाकारली नाही. 1937 मध्ये काँग्रेसने रीतसर मंजुरी दिली, पायाचे खोदकाम सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात मेलन आणि त्यांचे वास्तुशिल्पी जॉन रसेल पोप हे दोघेही एका दिवसाच्या अंतराने निवर्तले. 17 मार्च 1941 रोजी इमारत लोकांना खुली झाली. संस्थेला आपले नाव देऊ नये, अशी मेलन यांची इच्छा होती. ती राष्ट्राच्या नावाने राहिली तरच इतर संग्राहक आपापला ठेवा तिच्या स्वाधीन करतील, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो पुढे खरा ठरला. पंचवीस-तीस हजार रुपयांच्या देणगीखातर शाळेच्या दारावर संगमरवरी पाटी लावून घेणारे दाते ज्याने पाहिले आहेत, त्याला या एका अटीचे मोल सांगावे लागत नाही.

आत शिरताच मधल्या घुमटाखाली गडद हिरव्या संगमरवराचे प्रचंड खांब वर्तुळाकार उभे आहेत आणि मध्यभागी कारंज्यावर मर्क्युरीची मूर्ती आहे. येथून बहुतेक प्रवासी इटालियन आणि डच दालनांकडे वळतात, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण लिओनार्दोचे एक तैलचित्र पाहावयास मिळावे असे दोन्ही अमेरिका खंडांत हे एकच ठिकाण आहे. मी मात्र मनाशी ठरवून अमेरिकन चित्रकारांच्या दालनांकडे गेलो. देवळांच्या भिंती नाहीत, दरबारचे चित्रकारखाने नाहीत, धर्मसंस्थेचा आश्रय नाही, अशा स्थितीत परक्या भूमीवर येऊन वसलेल्या लोकांनी आपल्याकडे आणि आपण बळकावलेल्या भूमीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे मला जाणून घ्यावयाचे होते.

पहिल्या दालनांत व्यक्तिचित्रांची गर्दी आहे. गिल्बर्ट स्टुअर्टने रंगविलेले पहिले पाच राष्ट्राध्यक्ष तेथे ओळीने बसले आहेत. त्यांचे चेहरे कुशलतेने रंगविलेले आहेत, परंतु त्यांच्यापाशी मी फार वेळ थांबलो नाही. थांबलो तो एडवर्ड सॅव्हेज या चित्रकाराच्या ‘वॉशिंग्टन कुटुंब’ या सात फूट उंचीच्या चित्रापाशी. 1789 ते 1796 या वर्षांत ते पुरे झाले. टेबलाभोवती जॉर्ज वॉशिंग्टन, त्यांच्या पत्नी मार्था आणि दोन नातवंडे आहेत. टेबलावर नियोजित राजधानीचा नकाशा उलगडलेला आहे, आणि मार्थाबाई हातातील मिटलेल्या पंख्याने त्यावरचा एक रस्ता दाखवीत आहेत. ज्या शहराचा एकही चौक तेव्हा धड बांधून झाला नव्हता, त्याच शहराच्या मध्यभागी उभा राहून मी तो नकाशा पाहत होतो. परंतु माझे लक्ष पुनःपुन्हा उजव्या कडेला जात होते. तेथे खांबाच्या सावलीत एक कृष्णवर्णी गुलाम उभा आहे. अंगावर दिमाखदार पोशाख, एक हात कोटात, आणि मुद्रा अर्धवट काळोखात. कुटुंबातील प्रत्येकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. याचे नाव चित्रकाराने कोठेही नोंदलेले नाही. सॅव्हेज काही थोर चित्रकार नव्हे, त्याची माणसे लाकडासारखी ताठ बसली आहेत. तथापि जे त्या घरात होते ते त्याने चौकटीबाहेर टाकले नाही, आणि त्यामुळे दोन शतकांनंतर त्या घराविरुद्धची जबानी त्या घराच्याच तसबिरीत सापडते.

हाच विचार मनात घेऊन मी पुढे निघालो. चांगल्या चित्राकडून आपण सौंदर्याची अपेक्षा करतो, आणि ती रास्तच आहे. परंतु या दालनांतून हिंडताना मला वाटू लागले की, येथील श्रेष्ठ चित्रांचे बळ त्यांच्या साक्षीत आहे. चित्रकाराला ज्याने पैसे दिले त्याची मर्जी, चित्रकाराची स्वतःची हौस, काळाची रीत, या सगळ्यांच्या पलीकडे जाऊन हाताने जे डोळ्यांनी पाहिले तेच मांडले, असे क्षण येथे वारंवार भेटतात.

रेम्ब्रांट पील याने 1801 मध्ये काढलेले आपल्या धाकट्या भावाचे चित्र असेच आहे. फिलाडेल्फियाचे चार्ल्स विल्सन पील हे चित्रकार आणि संग्रहालयाचे संस्थापक. त्यांनी आपल्या मुलांची नावे रॅफेएल, रेम्ब्रांट, रूबेन्स, टिशियन अशी युरोपातील थोर चित्रकारांवरून ठेवली. त्यांपैकी रूबेन्सची दृष्टी अधू होती. चित्रात सतरा वर्षांचा तो मुलगा मातीच्या कुंडीतील जिरेनियमच्या रोपाशेजारी बसला आहे. नाकावर एक चष्मा आहे आणि दुसरा हातात आहे. कुंडीच्या काठावर त्याची दोन बोटे अशी टेकली आहेत की, जे डोळ्यांना नीट दिसत नाही ते तो स्पर्शाने जाणून घेत असावा. चष्म्याच्या काचांतून आलेल्या उजेडाचे दोन लहान ठिपके त्याच्या गालांवर पडले आहेत. भावाने भावाचे वैगुण्य लपविले नाही, उलट त्याच वैगुण्याभोवती सगळे चित्र रचले, आणि तरीही त्या मुलाविषयी वाटणारी माया प्रत्येक रेषेत आहे. अमेरिकन दालनांतील एकच चित्र आपल्याकडे आणावयाची मुभा कोणी दिली, तर मी बहुधा हेच आणीन.

पुढच्या दालनात जॉन सिंगल्टन कॉप्लीचे ‘वॉटसन आणि शार्क’ आहे. सहा फूट उंच आणि साडेसात फूट रुंद असे हे चित्र 1778 साली लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. कॉप्ली हा बोस्टनचा; स्वातंत्र्ययुद्धाच्या आदल्या वर्षी, 1774 मध्ये, तो युरोपला गेला आणि पुन्हा परतला नाही. चित्रातला प्रसंग 1749 चा आहे. ब्रुक वॉटसन हा चौदा वर्षांचा पोरका मुलगा जहाजावर नोकरी करीत असता हवाना बंदरात पोहावयास उतरला आणि शार्कने त्याच्यावर हल्ला केला. सोबत्यांनी त्याला वर काढले, परंतु उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चित्रात मुलगा उघड्या देहाने पाण्यात उताणा पडला आहे, माशाचा जबडा त्याच्याकडे झेपावतो आहे, होडीतील दोघेजण वाकून हात पुढे करीत आहेत, आणि नाळेवर उभा राहिलेला एकजण आकड्याचा भाला उगारून आहे. कॉप्ली हवानाला कधी गेला नव्हता, आणि त्याने शार्कही नीट पाहिला नसावा, कारण त्या माशाची ठेवण कोणत्याही कोळ्याला पटणार नाही. पण होडीतील माणसांचे चेहरे पाहा. भय, निकराचा प्रयत्न, असहायता आणि करुणा या साऱ्या भावांची त्यांत जणू वाटणी झाली आहे. आणि त्या साऱ्या गटाच्या शिखरावर, सर्वांत उंच जागी, एक कृष्णवर्णी खलाशी उभा आहे. हाती दोर धरून तो पुढे हात पसरतो आहे, त्याची मुद्रा शांत आणि व्यथित आहे. सॅव्हेजने ज्या माणसाला खांबाच्या सावलीत उभे केले, त्याच्याच एका बांधवाला कॉप्लीने, तेही दहा-अकरा वर्षे अगोदर, आकाशासमोर उभे केले होते.

मी बराच वेळ तेथे रेंगाळलेला पाहून दालनाचे वयस्क रखवालदार आपण होऊन जवळ आले. ते म्हणाले, “शाळेची मुले आली म्हणजे सगळी एकच प्रश्न विचारतात, तो मुलगा वाचला का? मी सांगतो, वाचला. आणि लाकडी पाय लावून लंडनचा महापौर झाला.” ही हकिकत खरी आहे. वॉटसन पुढे व्यापारात यशस्वी झाला, 1796 मध्ये लंडनचा महापौर निवडला गेला, आणि मृत्युपत्राने त्याने हे चित्र क्राइस्ट्स हॉस्पिटल या मुलांच्या शाळेस दिले; तेथूनच ते 1963 मध्ये या संग्रहात आले. आपल्या आयुष्यातील सर्वांत भीषण घटका माणसाने स्वतः पैसे देऊन रंगवून घ्यावी आणि ती पोरक्या व गरीब मुलांच्या नजरेसमोर टांगावी, या कृतीत जे धैर्य आहे ते महापौराच्या पदवीहून मला मोठे वाटते.

टॉमस कोलची ‘जीवनयात्रा’ ही चार चित्रांची मालिका या संग्रहाचे भूषण मानली जाते. 1842 मध्ये रोम येथे रंगविलेल्या या मालिकेत बाल्य, तारुण्य, प्रौढत्व आणि वार्धक्य या चार अवस्थांतून नदीवरची एक नौका जाते आणि देवदूत तिचे रक्षण करतो. कोलचे निसर्गाचे प्रेम खरे आहे, त्याची झाडे आणि खडक पाहण्याजोगे आहेत. परंतु या चित्रांत अर्थ अगोदर ठरला आणि नदी मागाहून आली, असे मला वाटले, आणि मी पुढे गेलो.

त्याच्या उलट जॉर्ज इनेसच्या ‘लॅकावॅना खोरे’ या चित्राने मला खिळवून ठेवले. सुमारे 1856 मध्ये डेलावेअर, लॅकावॅना अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने पेन्सिल्व्हेनियातील स्क्रँटन येथील आपल्या कारखान्याचे चित्र काढण्याचे काम इनेसला दिले. त्याचा मोबदला 75 डॉलर होता. इनेसला डोंगर आणि संध्यासमयाचा प्रकाश रंगविण्याची आवड. इंजिने आणि इंजिनशाळा रंगविणे त्याच्या मनास रुचणारे नव्हते, पण तो तरुण होता, संसार होता, आणि त्याने काम घेतले. चित्रात दूरवर गावातील धूर आणि इंजिनशाळेचे गोल छप्पर दिसते, मधल्या वळणावरून आगगाडी पांढरी वाफ सोडीत पुढे येते, आणि डावीकडे एका उंच झाडाखाली लाल बंडीतला एक तरुण गवतावर रेलून ती पाहत आहे. हे सर्व इतके सौम्य आणि सोनेरी आहे की, कंपनीच्या संचालकांना समाधान वाटावे. परंतु त्या तरुणाच्या आणि आगगाडीच्या मध्ये जो उतार आहे तो संपूर्णपणे तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांनी भरलेला आहे. शेकडो बुंधे आहेत; इनेसने एकही टाळलेला नाही, एकावरही गवत वाढवून घेतलेले नाही. तो शोक करीत नाही आणि आरोपही करीत नाही. प्रगतीचे प्रशस्तिपत्र लिहून देण्यासाठी ज्याला बोलाविले होते त्याने प्रशस्तिपत्राबरोबरच त्या रानाचा पंचनामाही लिहून दिला, आणि तो ज्या हाताने लिहिला त्या हाताला दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या दिसत होत्या. सह्याद्रीतील घाटांतून आगगाडी नेताना जी राने तोडली गेली त्यांचे असे चित्र आपल्याकडे कोणी काढले नाही, याची खंत मला चित्रासमोरच्या बाकावर बसल्याबसल्या वाटली. बोरघाटाचा लोहमार्ग तर त्याच दशकात बांधावयास घेतला होता. कंपनीने चित्र जवळ ठेवले नाही. पुष्कळ वर्षांनी, वृद्धपणी, इनेसला ते मेक्सिको शहरातील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात आढळले आणि त्याने ते परत विकत घेतले, असे सांगतात. ज्या जागेवर एके काळी स्टेशन होते त्याच जागेवर आज ते टांगलेले आहे.

विन्स्लो होमरविषयी लिहिताना मला हात आवरता घेणे कठीण जाते. बोस्टनच्या शिळाछापखान्यात उमेदवारी करून तो चित्रे काढावयास शिकला, यादवी युद्धात सैन्याच्या छावण्यांतून हिंडून साप्ताहिकासाठी रेखाटने पाठवू लागला, आणि त्यामुळे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज काही मांडावयाचे नाही ही शिस्त त्याच्या अंगी बाणली. ‘अनुकूल वारा’ हे त्याचे चित्र 1873 मध्ये सुरू झाले आणि स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या वर्षी, 1876 मध्ये, पुरे झाले. मॅसॅच्युसेट्सच्या ग्लॉस्टर बंदराची एक लहान शिडाची होडी, तिच्यात एक प्रौढ माणूस आणि तीन मुले, तळाशी पकडलेले मासे. शीड फुगले आहे, होडी एका अंगावर कलली आहे, आणि तिचा तोल राखण्यासाठी मुले वरच्या काठावर सरकून बसली आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याने होडीतून प्रवास केला आहे त्याला ठाऊक आहे की, अशा वेळी शरीर आपण होऊन बाजू बदलते, त्यासाठी विचार करावा लागत नाही. होमरने नेमके ते विचारापूर्वीचे शरीर रंगविले आहे. मोठा माणूस शिडाचा दोर आवरतो आहे, पण सुकाणू एका मुलाच्या हाती आहे, आणि त्याची नजर होडीकडे नसून लांब क्षितिजाकडे आहे. हे चित्र सहजपणे उतरले असेल असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु अवरक्त किरणांच्या साहाय्याने केलेल्या तपासणीत आढळले की, डोलकाठीजवळ आधी चौथा मुलगा होता आणि दूरवर आणखी एक गलबत होते. होमरने ती दोन्ही पुसून टाकली आणि नाळेवर एक नांगर घातला. तीन वर्षे तो हे काढीत आणि घालीत होता, आणि जे उरले त्यात आता काहीच जास्त नाही.

त्याच्याच हातचे ‘उजवा आणि डावा’ हे चित्र 1909 चे, मृत्यूच्या आदल्या वर्षीचे आहे. करड्या समुद्रावर दोन बदके हवेत आहेत, एक वर उसळते आहे आणि एक खाली डोके करून कोसळते आहे. मागे लाटेच्या आड एक इवलीशी होडी आणि बंदुकीच्या नळीचा एक तांबडा ठिपका. दुनळी बंदुकीने एकापाठोपाठ दोन पक्षी टिपणे याला शिकाऱ्यांच्या बोलीत हेच नाव आहे. कोणते बदक मेले आहे आणि कोणते मरणार आहे, हे ठरविता येत नाही. सर्वांत विलक्षण म्हणजे पाहणारा कोठे उभा आहे हे. बंदूक आपल्याच दिशेने रोखलेली आहे, आपण त्या बदकांबरोबर समुद्रावर, आकाशात आहोत. आयुष्याचा उत्तरार्ध मेनच्या खडकाळ किनाऱ्यावर समुद्राकडे पाहण्यात घालविलेल्या माणसाने शेवटी शिकाऱ्याची जागा सोडली आणि पक्ष्यांची घेतली. त्या चित्राजवळ इतर लोक थोडा वेळ थांबत आणि निघून जात. मी पाय दुखू लागेपर्यंत उभा राहिलो.

तेथून उत्तरेकडे काही चौक चालून गेले म्हणजे जुन्या पेटंट कचेरीची ग्रीक धाटणीची इमारत लागते. यादवी युद्धात तिचे इस्पितळ झाले होते आणि कवी वॉल्ट व्हिटमन तेथील जखमींना भेटावयास जात असे. 1865 च्या मार्चमध्ये लिंकन यांच्या दुसऱ्या पदग्रहणाचा नृत्यसमारंभही तेथेच झाला. आता त्या इमारतीत स्मिथसोनियन संस्थेचे अमेरिकन चित्रांचे संग्रहालय आहे. मी गेलो तो जॉर्ज कॅट्लिनसाठी. हा वकिली सोडून चित्रकार झालेला माणूस 1832 मध्ये वाफेच्या बोटीने मिझूरी नदीतून हजारो मैल वर गेला आणि तेथील मूळ रहिवाशांच्या माणसांची, वस्त्यांची आणि विधींची चित्रे काढीत गेला. त्याची चारशेहून अधिक चित्रे येथे आहेत. मॅन्डन जमातीचा शूर नायक मा-तो-तो-पा त्याने पूर्ण पोशाखात रंगविला; पाच वर्षांनी, 1837 मध्ये, देवीच्या साथीत तो आणि त्याची बहुतेक जमात नष्ट झाली, जेमतेम शंभर-सव्वाशे माणसे उरली. कॅट्लिनची रेषा घाईची आहे, शरीरे कधी कधी बेढब आहेत, पण चेहरे काढताना त्याचा हात मंदावतो, आणि तेच आज आपल्याला उपयोगी पडते.

त्यांत एक जोडचित्र आहे. असिनिबॉइन जमातीचा वि-जून-जोन हा तरुण योद्धा 1831 च्या सुमारास सरकारी आमंत्रणावरून वॉशिंग्टनला आला, राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांना भेटला आणि पुढच्या वसंतात परत गेला. डावीकडे तो येताना दिसतो: कातड्याचा नक्षीदार पोशाख, पिसांचा शिरोभूषणाचा डौल, मागे कॅपिटॉल. उजवीकडे तो परत जाताना पाठमोरा दिसतो: सेनाधिकाऱ्याचा निळा गणवेश, उंच टाचांचे बूट, डोक्यावर तुऱ्याची टोपी, एका हातात पंखा, एका हातात छत्री, खिशांत मद्याच्या बाटल्या. कॅट्लिनने लिहून ठेवले आहे की, स्वजनांत परतल्यावर तो पाहिलेल्या गोष्टी रात्रंदिवस सांगू लागला; लोकांनी त्याला प्रथम लबाड ठरविले, मग चेटक्या ठरविले आणि अखेर ठार केले. पाहिले ते खरे सांगितले म्हणून ज्याचा जीव गेला, त्या साक्षीदाराचे हे चित्र पाहून मला बराच वेळ दुसरे काही सुचेना. कॅट्लिनचीही कहाणी सुखाची नाही. आपला संग्रह सरकारने विकत घ्यावा म्हणून त्याने काँग्रेसकडे वारंवार अर्ज केले, ते नामंजूर झाले. 1852 मध्ये तो कर्जात बुडाला, फिलाडेल्फियाच्या एका इंजिन-कारखानदाराने कर्ज फेडून चित्रे ताब्यात घेतली, आणि ती बॉयलरच्या कारखान्यात कित्येक वर्षे पडून राहिली. कॅट्लिन 1872 मध्ये वारला. चित्रे 1879 मध्ये, त्या कारखानदाराच्या विधवेच्या देणगीने, स्मिथसोनियनमध्ये आली.

राहिली ती रेखाटने. कागदावरील कामाला उजेड सोसत नाही, म्हणून ते पेट्यांत काळोखात ठेवतात आणि थोड्या काळासाठीच दालनांत मांडतात. एरवी पाहावयाचे तर आगाऊ कळवून नॅशनल गॅलरीच्या पूर्वेकडील नव्या इमारतीतील अभ्यासिकेत जावे लागते. मी गेलो ते ‘अमेरिकन डिझाइनची सूची’ या नावाचा संग्रह पाहण्यासाठी. 1935 च्या सुमारास, महामंदीच्या ऐन काळात, बेकार चित्रकारांना वेतन देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने जी कामे काढली त्यांपैकी हे एक. शेकडो चित्रकारांना देशभर पाठवून, वसाहतींच्या काळापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सामान्य कारागिरांनी घडविलेल्या वस्तूंची हुबेहूब जलरंगचित्रे करविण्यात आली: गोधड्या, विणलेल्या चादरी, मातीच्या बरण्या, शेकर पंथीयांच्या खुर्च्या, खेळणी, गलबतांच्या नाळेवरील मूर्ती, दुकानांपुढील लाकडी पुतळे. 1942 मध्ये काम थांबले तेव्हा सुमारे 18,000 कागद जमले होते. पुढच्या वर्षी ते नॅशनल गॅलरीकडे आले.

अभ्यासिकेतील मदतनीस बाईंनी पुढ्यात ठेवलेला पहिला कागद ल्युसिल शॅबो हिने 1939 मध्ये काढलेला होता. वाऱ्याची दिशा दाखविण्यासाठी चर्चच्या शिखरावर बसवितात तसा कर्णा फुंकणारा देवदूत गॅब्रिएल. धातूवरचा मुलामा कोठे टिकला आहे, कोठे झिजला आहे, कोठे पावसाने डाग पाडले आहेत, ते सर्व जलरंगाच्या पातळ थरांतून असे उमटले आहे की बोट लावावयाचा मोह व्हावा. कागदाला पार्श्वभूमी नाही, चित्रकर्तीचा कोणताही आविर्भाव नाही. इजिप्तच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू चितारण्यासाठी जी पद्धत वापरीत, तिच्याच धर्तीवर ही माणसे तयार केली होती. स्वतःला चित्रकार म्हणविणाऱ्या, प्रदर्शने भरविण्याची उमेद बाळगणाऱ्या माणसांनी दुसऱ्याच्या हस्तकौशल्यापुढे आपला हात इतका नम्र करावा, यात मला कमीपणा दिसला नाही. आपल्याकडे अजिंठ्याच्या भिंतींपुढे असेच हात वर्षानुवर्षे झिजले. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून केलेल्या नकला बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून 1872 ते 1885 पर्यंत पुन्हा नकला करविल्या, आणि त्यांतीलही पुष्कळ 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे जळाल्या. वॉशिंग्टनचे कागद सुदैवाने शाबूत आहेत.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. मूळ रहिवाशांच्या वस्तू या सूचीतून, त्यांचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ करीतच आहेत या सबबीवर, वगळण्यात आल्या. वि-जून-जोनच्या कातडी पोशाखावरचे ते भरतकाम ज्या हातांनी केले, ते हातही याच भूमीचे कारागीर होते आणि याच कागदांत त्यांची जागा होती. कॅट्लिनची चित्रे काही चौकांवर आहेत, तेव्हा पाहणाऱ्याला दोन्ही संग्रह स्वतःच एकत्र आणावे लागतात.

आपल्याकडून वॉशिंग्टनला जाणाऱ्यांनी स्मारके आणि घुमट पाहून झाल्यावर एक सकाळ या अभ्यासिकेसाठी राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. काही आठवडे अगोदर लिहून वेळ ठरवावी, कोणत्या वस्तूंची चित्रे पाहावयाची ते कळवावे, आणि सोबत शाईचे पेन न नेता शिसपेन्सिल न्यावी. मी देवदूतानंतर पेन्सिल्व्हेनियातील जर्मन कुंभारांच्या थाळ्या आणि विणलेल्या चादरी मागितल्या होत्या. पुन्हा जाण्याचा योग आला तर खेळण्यांच्या पेट्या मागेन.